आधी दार मोजा! होम वर्कशॉपच्या मशीनबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांनी विचारलंय ते मशीन कुठलं घ्यावं, जुनं की नवीन, एवढंच. ते मशीन दारातून आत कसं जाणार हे विचारणारे फारच थोडे. म्हणून ज्यांनी विचारलं नाही त्यांच्याही उत्तरात मी ते घुसवलंय, रागावू नका.

काका, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि एक छोटी खोली वर्कशॉपसाठी मिळालीये. नवीन मिनी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन) घेऊ का कारखान्यातून निघालेला जुना जड लेथ घेऊ? सगळे म्हणतात जुनं ते सोनं.
— एक विद्यार्थी

अरे, सोनं खिशात घालून दुसऱ्या मजल्यावर नेता येतं, लेथ नाही नेता येत. तुझ्या मित्रांचं म्हणणं चूक नाहीये, लेथमध्ये वजन म्हणजेच रिजिडिटी (ताठपणा), जड कास्टिंगचा लेथ खोल कट घेतो आणि चॅटर (थरथर) करत नाही, हलका लेथ तोच कट घ्यायला गेला की किरकिर सुरू. पण तुझ्या बाबतीत निर्णय लेथ घेणारच नाहीये, तो स्लॅब आणि जिना घेणार आहेत.

राहत्या घराचा स्लॅब साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापराचा भार धरून डिझाइन केलेला असतो आणि तोही पसरलेला भार. आता ५०० किलोचा लेथ पाऊण चौरस मीटर जागेत उभा राहिला की हिशोब कर, चौरस मीटरला साडेसहाशेच्या वर गेला, आणि ते वजनही चार पायांखालच्या छोट्या छोट्या जागेवरच येणार. लगेच स्लॅब कोसळेल असं म्हणत नाहीये मी, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघून हो म्हटल्याशिवाय वर चढवू नकोस, आणि खाली राहणाऱ्यांच्या झोपेचाही विचार कर, इंटरप्टेड (तुटक, मध्ये मध्ये लागणारा) कट घेताना होणारा ठकठक आवाज स्लॅबमधून मस्त खाली जातो.

तुझ्यासाठी मिनी लेथच बरा. ७ बाय १४ चा (इंचांत स्विंग आणि लांबी) मिनी लेथ साधारण ४० किलोचा असतो, दोघं जण उचलून नेतात. त्याच्यावर स्टीलचे बारीक कट घेऊन निवांत काम करायचं. घेताना एक बघ, कॅटलॉगवर ७ इंच स्विंग (जास्तीत जास्त किती व्यासाचा जॉब फिरेल ते) मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो तो बेडवरचा (खालच्या लांब पायावरचा), क्रॉस स्लाइडवरून (टूल आडवं सरकवणाऱ्या भागावरून) जाणारा व्यास त्याच्यापेक्षा बराच कमी असतो, तुला लागणार तो दुसरा आकडा. आणि सगळे पैसे मशीनवर उडवू नकोस. टूल्स, ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, मायक्रोमीटर, डायल गेज (बारीक हालचाल सुईवर दाखवणारं) हे सगळं धरलं की मशीनच्या किमतीच्या आसपास सहज जातं.

एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये साडेचार फुटी लेथ बघितलाय. वजन ७०० किलोच्या आसपास आहे म्हणे. नवीन रंग मारलाय, दिसायला छान आहे. मालक म्हणतात चालू आहे, पण लाइट कापलेली असल्यामुळे चालवून दाखवता येत नाही. काय काय बघावं?
— गॅरेज आहे, लेथ नाही

रंगाकडे बघूच नका. म्हणजे बघा, पण जिथे ब्रश पोचला नाही तिथे बघा. गिअरचं कव्हर उघडा, चिप ट्रेच्या खाली वाका, टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग) सरकवून त्याच्या खालचा बेड बघा. ऑइल विंडो असेल तर तेल दुधाळ दिसतंय का बघा, दुधाळ म्हणजे आत पाणी गेलंय. आणि तेलात पिवळसर चमचम असेल तर पितळ किंवा ब्राँझचं काहीतरी आत झिजतंय.

सगळ्यात महत्त्वाचा बेड. लेथवर लहान जॉबच जास्त होतात, त्यामुळे बेड चकजवळच्या (चक म्हणजे जॉब पकडून फिरणारा भाग) फूट-दीड फुटात झिजतो आणि टेलस्टॉककडचा भाग जवळजवळ नवा राहतो. याची एक सोपी परीक्षा आहे आणि तिला लाइटही लागत नाही. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणा, सॅडलचा लॉक बोल्ट हलकासा आवळा, एवढाच की हातचाक जरा जड फिरेल पण फिरेल, आणि आता सॅडल टेलस्टॉककडे न्यायला लागा. बेड चांगला असेल तर सगळीकडे सारखाच जड जाईल. झिजलेला असेल तर अर्ध्या वाटेवर गच्च अडकेल, कारण तिथे बेड पूर्ण जाडीचा आहे. शेवटपर्यंत न अडकता गेला तर निम्मी काळजी मिटली.

मग स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा. डायल गेज सोबत न्याच. गेजची टीप चकवर लावू नका, चक स्वतः वाकडा असू शकतो, चक काढा आणि स्पिंडलच्या आतल्या टेपरवर (निमुळत्या भोकावर) लावा. एक जाड लाकडी दांडा स्पिंडलखाली घालून हलकेच वर उचलून बघा. सुई ०.०१–०.०२ मिमी हलली तर ठीक, त्याच्या बरीच वर गेली तर बेअरिंग ॲडजस्ट करावं लागेल किंवा बदलावं लागेल.

क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश बघून लोक उगाच घाबरतात. हँडल उलट फिरवल्यावर ०.२ मिमी रिकामं जात असेल तर चालू मशीनवर ते नेहमीचंच आहे, अर्धा मिमी जात असेल तर नट गेलाय, पण नट बदलता येतो. बेड ग्राइंड करून घेणं वेगळी गोष्ट आहे, त्यात ग्राइंडिंग तर आहेच, वर सॅडल पुन्हा बसवायचा, लीड स्क्रूची (आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूची) उंची जुळवायची, घरच्या वर्कशॉपवाल्याने त्या भानगडीत पडूच नये असं माझं मत.

बॅक गिअरचे (स्पीड कमी करून जोर वाढवणाऱ्या गिअरचे) दात एकेक करून हाताने फिरवून बघा. घट्ट बसलेला चक सोडवायला लोक बॅक गिअर टाकून स्पिंडल लॉक करतात आणि चकवर हाणतात, त्यात एखादा दात तुटतो आणि मग कव्हर लावून टाकतात! थ्री-जॉ चकच्या जॉंवर आणि स्लॉटवर १, २, ३ नंबर पंच केलेले असतात, ते जुळतायत का बघा, दोन वेगवेगळ्या चकचे जॉ एकत्र घातलेले असले तर तो चक कधीच मध्ये पकडणार नाही. आणि फोर-जॉ, फेस प्लेट, स्टेडी, चेंज गिअर हे कुठे कोपऱ्यात पडलंय का ते त्याच दिवशी शोधून गाडीत टाका, नंतर "पाठवून देतो" म्हणतात ते येत नाही.

लाइट नसेल तर दोन रस्ते. जनरेटर आणून चालवून बघायचं, सगळ्या स्पीडवर आवाज ऐकायचा आणि वरच्या स्पीडवर पंधरा मिनिटं सोडून बेअरिंगवर हात ठेवायचा, कोमट झालं तर ठीक, हात ठेववत नसेल तर नाही. किंवा मग बंद मशीनचा भाव करायचा. चालू मशीनच्या भावात न चालवलेलं मशीन घेऊ नका, मालक कितीही सज्जन असले तरी.

लेथ घेतला! आता आणायचाय. आम्ही चार मित्र आहोत, २ टनी इंजिन होइस्ट (गाडीचं इंजिन उचलायची छोटी क्रेन) भाड्याने मिळतोय. लेथ ७०० किलोचा, म्हणजे आरामात चालेल ना?
— चार मित्रांपैकी एक

नाही, आरामात नाही. त्या होइस्टच्या बूमवर (पुढे निघणाऱ्या हातावर) भोकं असतात आणि प्रत्येक भोकाशेजारी आकडा लिहिलेला असतो, तो वाचा. २ टन हा आकडा बूम पूर्ण आत असतानाचा, बूम पूर्ण बाहेर काढला की बऱ्याच २ टनी होइस्टची ताकद ५०० किलोवर येते. आणि लेथच्या मध्यावर पोचायला बूम बाहेर काढावाच लागतो, कारण होइस्टचे पाय लेथच्या पायथ्याला अडतात. म्हणजे हिशोब तिथेच बिघडला.

पण होइस्टच्या आधी टेप घ्या आणि रस्ता मोजा. तिथलं दार, इथलं दार, मधला बोळ, वळण, उंबरा, गेटची पन्हळ, वरून लोंबणारी वायर, सगळं. दाराची रुंदी चौकटीच्या आतून मोजा आणि दार उघडल्यावर त्याची जाडी किती जागा खाते ती वजा करा. लेथ मोजताना मागे निघालेली मोटर आणि पुढची हँडलं धरून मोजा. शेवटच्या दोन इंचांसाठी रात्री अकराला दाराची चौकट उखडणारे लोक आहेत, चांगली शिकलेली माणसं.

मग लेथ हलका करा. टेलस्टॉक, चक, टूल पोस्ट काढा, मोटर सहज निघत असेल तर तीही काढा. वायर काढायच्या आधी फोटो, आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर नंबर. हे उतरवल्याने वजन कमी होतंच, शिवाय हाताशी येणारे तुकडे होतात. लेथ वरच्या अंगाला जड आणि त्यात हेडस्टॉकच्या (स्पिंडलच्या) बाजूला जास्त जड, म्हणून सॅडल टेलस्टॉकच्या टोकाला नेऊन लॉक करा, तेवढाच तोल सुधारतो.

उचलताना पट्टा बेडभोवती घाला आणि लाकडी ठोकळे असे लावा की पट्टा लीड स्क्रूला किंवा फीड रॉडला अजिबात टेकणार नाही. लीड स्क्रू एकदा वाकला की त्या मशीनवर आटे पाडायचं विसरा. स्पिंडलमध्ये पहार घालून उचलायची आयडिया कुणीतरी देईलच, त्याला चहाला पाठवा. पट्टा फार आखूडही नको, दोन बाजू जितक्या आडव्या होतील तितका ताण वाढतो, आडव्या रेषेशी ३० अंशांवर आल्या तर प्रत्येक बाजूवर अख्ख्या मशीनइतका ताण येतो. आधी फक्त इंचभर उचला आणि थांबा. तोल गेलेला दिसला तर परत टेकवा, पट्टा सरकवा, परत उचला. हे तीन-चारदा करावं लागलं तरी करा, आणि उंच लटकवलेलं मशीन ढकलत कधीच नेऊ नका, आधी जमिनीलगत खाली आणा मग हलवा.

खरं सांगू का, चार माणसांना होइस्टपेक्षा पहार आणि पाइपच जास्त सुरक्षित. लेथच्या पायांना खालून दोन जाड लाकडी वासे बोल्टने बांधून टाका, पायथ्यापेक्षा रुंद, म्हणजे उलटायची भीती कमी. एका टोकाखाली पहार घालून थोडं उचला, लगेच लाकडी पॅकिंग सारा, मग दुसरं टोक, असं करत पाइप खाली जाईल इतकं वर आणा. पाइप जाड भिंतीचे घ्या, पाच-सहा असू द्या, म्हणजे कायम तीन तरी खाली राहतील आणि मागून सुटलेला पाइप एकाने पुढे आणून घालायचा. वळवायचं असेल तर पुढच्या पाइपाला हातोडीने तिरपं ठोका, मशीन आपोआप वळतं. बोटं कधीही वाशाखाली नाहीत, पाइप बाजूने धरायचा, वरून पकडायचा नाही.

उतार असेल तिथे मस्ती नको. १० अंशांच्या उतारावर ७०० किलोचं मशीन १२० किलोच्या आसपास जोराने खाली ओढत असतं आणि पाइपांवर घर्षण जवळजवळ नसतंच. म्हणजे दोघांनी हाताने धरून ठेवायचं प्रकरण नाही हे, वरच्या बाजूला भक्कम हूक शोधून चेन पुलर लावा आणि कडी कडी करत सोडा. मशीनच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, "जरा आधार देतो" वाला तर अजिबात नाही. आदेश एकानेच द्यायचे. आणि मशीन कलंडायला लागलं तर सगळ्यांनी मागे पळायचं, पकडायला जायचं नाही, हे सुरू करायच्या आधी मोठ्याने बोलून घ्या कारण त्या क्षणी हात आपोआप पुढे जातो.

टेम्पोत चढवायला क्रेन मिळत असेल तर पैसे द्या आणि क्रेनच बोलवा, यात काटकसर करायची नाही. टेम्पोच्या पत्र्यावर कास्ट आयर्न सरकतं, खाली रबर मॅट नाहीतर प्लायवूड टाका. रॅचेट पट्टे चारही कोपऱ्यांकडे, बेडच्या किंवा पायाच्या कास्टिंगवरून, हँडलवरून नाही. थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवून परत आवळा, पट्टे ढिले होतातच.

मिलिंग मशीन घेताना आर-८ टेपर चांगला का आयएसओ ४०?

हे दोन्ही स्पिंडलच्या तोंडातल्या, टूल धरणाऱ्या निमुळत्या भोकाचे प्रकार, तुम्हाला ज्याचे कोलेट आणि होल्डर सहज मिळतात तो चांगला. आयएसओ ४० जास्त भक्कम, पण तो बहुतेक मोठ्या मशीनवर येतो, घरच्या कामाला आर-८ पुष्कळ. ड्रॉबार (होल्डर वर ओढून धरणारा लांब बोल्ट) मशीनसोबत आहे का बघा, आर-८ ला बहुधा ७/१६ इंच, इंचाला २० आट्यांचा लागतो. आणि टरेट मिल (हेड फिरवता येणारी) असेल तर ती टनाच्या आसपास भरते, हलवताना नी (टेबल वर-खाली नेणारा भाग) पूर्ण खाली आणा आणि हेड फिरवून उलटं लटकवा, म्हणजे वजन खाली येतं. हेडचे बोल्ट सोडताना हेडला आधार द्या, ते एकदम गरकन फिरतं.

घरी सिंगल फेज आहे, लेथला थ्री फेज २ एचपी मोटर. व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटर चालवणारा ड्राइव्ह) लावू म्हणतो, पण आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो मोटरच बदलून टाका. कुणाचं ऐकू?
— गोंधळलेला

आधी मोटरची प्लेट वाचा, मग कुणाचं ऐकायचं ते ठरेल. २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट, एवढ्याला सिंगल फेजवर चालणारे व्हीएफडी सहज मिळतात. पण असा साधा व्हीएफडी २३० व्होल्ट घेतो आणि थ्री फेजही २३० व्होल्टच देतो, ४०० करत नाही. प्लेटवर २३०/४०० डेल्टा/स्टार (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती) लिहिलं असेल तर टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून डेल्टा करा, काम झालं. ४००/६९० लिहिलं असेल तर ती मोटर डेल्टातच ४०० मागते, २३० वर नीट चालणार नाही. आणि बॉक्समध्ये तीनच वायर आल्या असतील तर स्टारचा जोड आत वाइंडिंगमध्ये दडलेला असतो, चांगला रिवाइंडिंगवाला तो सोडवून सहा टोकं बाहेर काढून देतो.

व्हीएफडीपासून मोटरपर्यंत वायर सरळ न्यायची, मध्ये जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ठेवायचा नाही. चालू असताना तो उघडला तर ड्राइव्ह जाऊ शकतो. तोच स्विच हवा असेल तर ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा. स्पीड नॉबने कमी करता येतो म्हणून बॅक गिअर काढून ठेवू नका, फ्रिक्वेन्सी निम्मी केली की पॉवरही निम्मी होते, मोठ्या व्यासाला जोर गिअरनेच मिळतो. वर मोटरचा पंखाही हळू फिरतो, मोटर तापते. अजून एक, तुमचा चक आट्यांवर बसणारा असेल तर ब्रेकिंगचा वेळ जास्त ठेवा, स्पिंडल झटक्यात थांबला तर जड चक स्वतःच्या वेगाने आटे सोडून बाहेर येऊ शकतो. रिव्हर्सचंही तेच. अर्थिंग पक्कं हवं, आणि बंद केल्यावर लगेच ड्राइव्हचं झाकण उघडायचं नाही, आतले कपॅसिटर काही मिनिटं चार्ज राहतात.

तुमचा इलेक्ट्रिशियन अगदीच चूक नाही हं. प्लेट ४००/६९० वाली निघाली तर सिंगल फेज मोटर हा सरळ उपाय आहे, फक्त ती पूर्ण थांबल्याशिवाय उलटी फिरवता येत नाही आणि तिची थरथर कधी कधी फिनिशवर उमटते.

ताई म्हणू का सर माहीत नाही, पण गॅरेजमधल्या मशीनवर आठवड्यात गंज धरतो. प्लास्टिकने झाकून ठेवते तरी.
— एक वाचक

काहीही म्हणा, पण ते प्लास्टिक आधी काढा. रात्री लोखंड थंड होतं आणि सकाळची दमट गरम हवा त्याच्यावर आली की पाणी सुटतं, प्लास्टिकखाली ते पाणी वाळायला जागाच नसते. उघड्या स्लाइडवर तेलाचा पातळ हात फिरवा आणि वर सुती जाड कापड टाका. गॅरेजमध्ये ॲसिड किंवा पूल साफ करायचं क्लोरीन ठेवलेलं असेल तर तेही बाहेर काढा, झाकण बंद असलं तरी त्याची वाफ मशीन खाते.

लेथ बसवला, चालू झाला, पण १५० मिमी लांबीत टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) कापतोय. आणताना बेड वाकला का?
— झोप उडालेला

वाकला नसणार, पिळला गेलाय. चार पायांतला एक जरी अधांतरी राहिला आणि त्याचा बोल्ट आवळला तर बेडला पीळ बसतो, एवढं जाड कास्टिंग असलं तरी बसतो. साधी गवंड्याची लेव्हल इथे कामाची नाही, ०.०२ मिमी प्रति मीटरवाली मशिनिस्ट लेव्हल कुणाकडून तरी मागून आणा, बेडवर आडवी ठेवा, एकदा हेडस्टॉकजवळ आणि एकदा टेलस्टॉकच्या टोकाला. दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी आला पाहिजे. जमिनीला समांतर असणं तितकं महत्त्वाचं नाही, दोन्हीकडे सारखं असणं महत्त्वाचं.

मग कापून बघा. ३० मिमीच्या आसपास जाड सळई चकमध्ये धरा, १५० मिमी बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग थोडा उतरवून दोन टोकांना दोन कॉलर (जाड पट्टे) ठेवा आणि धारदार टूलने एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवर अगदी बारीक कट घ्या, बारीक यासाठी की सळई दबून खोटा टेपर येऊ नये. मायक्रोमीटरने दोन्ही मोजा. बाहेरचा कॉलर जाड आला तर टेलस्टॉकच्या बाजूचा पुढचा, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या बाजूचा पाय पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घालून उचला, बारीक आला तर मागचा उचला. ०.०२ मिमीच्या आत फरक आला की थांबा. आणि मोजायचं ते बोल्ट आवळल्यावर, आवळायच्या आधी नाही, कारण आवळतानाच बेड परत थोडा हलतो.